दगडफूल आणि दगडांतला उंदीर : एका फलकाच्या नोंदी

भाचीच्या आठवीच्या वर्गात विज्ञान प्रदर्शनासाठी दोन डब्यांतून चिठ्ठ्या काढल्या. एका डब्यात प्राणी, दुसऱ्यात बाकीचे सजीव. जी जोडी हाती लागेल तिची तुलना करणारा फलक करायचा आणि पोरांना हातात घेता येतील असे दोन नमुने करायचे. भाचीच्या गटात ती आणि आमच्याच इमारतीतला तिचा वर्गमित्र, असे दोघंच. त्यांना आलं ते असं : ‘दगडफुलाची एक जात’ आणि ‘धोक्यात आलेला एक छोटा ओपॉसम’. प्रदर्शन १४ डिसेंबरला, शाळा ठाण्यात नौपाड्यातली. मी वागळे इस्टेटमध्ये टूलरूमला आहे, हाताने वस्तू घडवायची सवय आहे, म्हणून ताईने मला बोलावलं. अशी न जुळणारी जोडी पुढे कुणाला आलीच तर उपयोगी पडावं म्हणून चुका, खर्च आणि वाया गेलेला वेळ सगळं लिहून ठेवतो आहे.

५ ऑक्टोबर २०२४, शनिवार

जाती ठरवल्या. प्राण्याला फार वेळ लागला नाही. ऑस्ट्रेलियातला माउंटन पिग्मी पॉसम. शरीर साधारण ११ सेंटीमीटर, शेपूट त्याहून लांब, वजन सुमारे ४५ ग्रॅम. कांगारूसारखाच पोटाशी पिशवी असलेला. १८९५ साली रॉबर्ट ब्रूम या शास्त्रज्ञांना त्याचे जीवाश्म सापडले आणि हा प्राणी केव्हाच नामशेष झालेला आहे असंच सगळे धरून चालले. मग १९६६ साली माउंट हॉथमवरच्या स्कीइंगवाल्यांच्या एका झोपडीत तो जिवंत सापडला. ही गोष्ट ऐकल्यावर दोघांनी दुसरा कुठला प्राणी बघितलाच नाही.

दगडफुलात अडलो. भाचीला वाटत होतं की दगडफूल म्हणजे गोड्या मसाल्यातलं, एकच. दगडफूल, म्हणजेच लायकेन (बुरशी आणि शैवाल एकत्र राहून बनलेला सजीव), हा जातींचा केवढा मोठा पसारा आहे हे मलाही धड ठाऊक नव्हतं. पॉसम धोक्यातला, तर समोरचं दगडफूलही धोक्यातलंच हवं, एवढं नक्की केलं. शेवटी अमेरिकेतल्या फ्लोरिडामधलं क्लॅडोनिया पर्फोराटा घेतलं. १९९३ साली तिथल्या केंद्र सरकारच्या धोक्यातल्या जातींच्या यादीत आलेलं ते पहिलं दगडफूल. चार ते सहा सेंटीमीटर उंचीचा, पिवळट-हिरवट राखाडी फांद्यांचा झुपका, आणि फांदी फुटते त्या प्रत्येक ठिकाणी आरपार भोक. भोक आहे म्हणजे ओळखू येण्यासारखा नमुना करता येईल, हा माझा हिशेब.

६ ऑक्टोबर, रविवार

आज एक चूक झाली, ती आधी लिहितो. सकाळी येऊरला फिरायला गेलो होतो. परतल्यावर भाचीच्या मित्राने खिशातून झाडाच्या सालीचा तुकडा काढला, त्यावर राखाडी-हिरवे गोल डाग. खरं दगडफूल मिळालं म्हणून पोरगा आनंदात होता. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. तिथून साल, पान, दगड काहीही उचलून आणायला वन्यजीव कायद्याने बंदी आहे. जायच्या आधी हे पोरांना सांगायला हवं होतं, ते मी सांगितलं नाही. चूक माझी. दुपारी तिघं परत गेलो, फाटकावर झालं ते सांगितलं आणि तुकडा तिथेच देऊन आलो. रिक्षाचे पैसे आणि अर्धा दिवस गेला. धोक्यातल्या सजीवांचा फलक करताना हे व्हायला नको होतं.

संध्याकाळी कळलं की इतक्या लांब जायची गरजच नव्हती. आमच्या सोसायटीच्या आवारातला आंबा आहे, त्याच्या उत्तरेकडच्या बाजूला तसेच डाग आहेत. सप्टेंबरच्या पावसात पडलेली एक वाळकी फांदी कचऱ्याच्या ढिगाशेजारी होती, तीवर तर भरपूर. फांदी उचलली. तुम्ही कराल तेव्हा पडलेलीच फांदी घ्या, झाडावरून खरवडू नका. हाताएवढा डाग व्हायला किती पावसाळे लागले असतील याचा अंदाजही आपल्याला नसतो.

१२ ऑक्टोबर, दसरा

जांभळी नाक्यावरून दगडफूल आणलं. ५० ग्रॅमची पुडी ६० रुपये. वाण्याला विचारलं हे कुठून येतं, म्हणाला, ‘डोंगरातून.’ वर्तमानपत्रावर पसरून चिमट्याने निवडलं. एका पुडीत निदान तीन प्रकार निघाले. एकाची पानं रुंद, वरून राखाडी आणि खालून काळी. दुसऱ्याच्या अरुंद पट्ट्या, फाटे फुटत गेलेल्या. तिसरा बारीक, केसाळ. शिवाय सालीचे कपटे आणि थोडं शेवाळं. नाव दगडफूल, पण सालीच्या कपट्यांवरून कळत होतं की हा माल झाडावरून उतरवलेला आहे. ताई पंचवीस वर्षं गोडा मसाला करते. तिने एकेक प्रकार हातात घेऊन वास घेतला आणि म्हणाली, ‘मी ह्या सगळ्याला एकच समजत होते.’ पुण्याच्या आघारकर संस्थेत पश्चिम घाटातल्या दगडफुलांवर किती वर्षांचं काम आहे ते मी पोरांना सांगितलं. एका पुडीतले तीन प्रकार निवडतानाच आमचे डोळे दुखायला लागले होते.

एक प्रयोग केला. पुडीतलं दगडफूल आणि आंब्याची फांदी, दोन्हींवर पाण्याचा फवारा मारला. फांदीवरचे राखाडी डाग मिनिटाभरात हिरवे दिसायला लागले, कारण वरचा थर भिजला की पारदर्शक होतो आणि आत बुरशीच्या जाळ्यात राहणारं शैवाल दिसतं. पुडीतलं भिजून मऊ पडलं, रंग मात्र तपकिरीच राहिला. म्हणजे प्रदर्शनात दाखवायला फांदीच ठेवायची, पुडी नाही.

१३ ऑक्टोबर, रविवार

पॉसम शाडूचा करायला घेतला. गणपतीनंतर शाडू स्वस्त असतो, १५० रुपयांत भरपूर मिळाला. मापं बरोबर घेतली, आकार छान आला. काट्यावर ठेवला तर २१२ ग्रॅम. पाचपट जड. शाडू भरीव केला की एवढं वजन येणारच, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. टूलरूममध्ये आम्ही वस्तू घडवायच्या आधी तिचं वजन काढतो, घरी तो शिस्तीचा भाग विसरलो. तरी वाटलं, ठेवू या दाखवायला.

१९ ऑक्टोबर, शनिवार

शाडूचा पॉसम मानेपाशी तडकला. बाहेरून वाळला, आत ओल राहिली. टाकून दिला. आठवडा गेला.

भाचीने एक गोष्ट नीट मांडली, ती इथे लिहितो. म्हणाली, ‘मामा, तो दिसायला कसा आहे हे फोटोत दिसतंच. हातात घेतल्यावर किती हलका आहे, ते फोटोत दिसत नाही.’ त्यानंतर आमचं एकच लक्ष्य : हातात ठेवला की ४५ ग्रॅम.

२० ऑक्टोबर, रविवार

वर्तमानपत्राचा लगदा, आतून पोकळ. फुगा न घेता शाडूचा छोटा गोळा साच्यासारखा वापरला, त्यावर कागदाचे पाच थर दिले, वाळल्यावर ब्लेडने दोन भाग करून गोळा काढून घेतला आणि परत चिकटवलं. शाडूचे पैसे अगदीच पाण्यात गेले नाहीत. नुसतं कवच १८ ग्रॅम भरलं.

केसांसाठी माझा जुना तपकिरी लोकरी स्वेटर उसवला. धागा विंचरून त्याची रुई केली आणि पातळ फेव्हिकॉलवर शेपटाकडून डोक्याकडे थर लावत गेलो. उलट्या दिशेने लावलंत तर केस उभे राहतात. पहिला पाय मी उलटा लावला आणि तो परत सोलायला तास लागला.

२६ ऑक्टोबर, शनिवार

शेपूट चुकलं. आम्ही खारीसारखं झुपकेदार केलं होतं, कारण तिघांच्याही डोळ्यांपुढे खारच होती. पॉसमचं शेपूट बारीक, लांब, मुळाशी थोडी लव सोडली तर जवळजवळ उघडं असतं, आणि ते कशालाही विळखा घालू शकतं. सगळी लोकर काढली. तांब्याच्या तारेवर दोरा घट्ट गुंडाळून, त्यावर कॉफीच्या पाण्याचा हात देऊन नवीन केलं. लांबी १४ सेंटीमीटर. आता वाकवता येतं, पेन्सिलीला विळखा घालतं.

काट्यावर : कवच १८, लोकर ९, तार-दोरा ५. पोटात १३ ग्रॅम बारीक रेती भरून भोक बंद केलं. ४५. भाचीच्या मित्राने डोळे मिटून तो हातात घेतला आणि बराच वेळ काही बोलला नाही.

२७ ऑक्टोबर, रविवार

गच्चीवरचा दगडांचा प्रयोग. हा पॉसम उंच पर्वतावरच्या मोठ्या धोंड्यांच्या उतारांत, धोंड्यांमधल्या पोकळ्यांत राहतो. त्याच्या शास्त्रीय नावातल्या बर्रामिसचा अर्थही दगडांच्या जागेतला उंदीर असाच लावतात. वर ऊन असो की बर्फ, खाली तापमान सावकाश बदलतं. हे थर्मामीटर लावून दाखवायचं होतं. वायरवाले दोन डिजिटल थर्मामीटर, १८० रुपयाला एक.

पहिला ढीग फसला. शेजारच्या बांधकामावरून मागून आणलेले दगड सकाळी अकराला रचले, जेमतेम वीतभर उंच. दोन वाजता सावलीतली हवा ३५, ढिगाच्या आत ३९. उलटंच झालं. दगड आधीच तापलेले होते आणि ढीग इतका उथळ की ऊन आतपर्यंत पोचलं.

त्याच रात्री नवाला पुन्हा रचला. आता दीड फूट उंच, मोठे दगड खाली, मध्ये मुद्दाम फटी सोडलेल्या, थर्मामीटरचं टोक तळाशी. दगड रातभर थंड झाले. दुसऱ्या दिवशी ताईने फोनवर आकडे सांगितले. दुपारी दोनला वरच्या दगडावर ४७, तळाशी ३०.८. ढीग नेहमी आदल्या रात्री रचा, एवढं लक्षात ठेवलंत तर प्रयोग चुकत नाही.

१ ते ४ नोव्हेंबर

दिवाळी. काम बंद. फक्त फराळाच्या गडबडीत एक उपयोगाची गोष्ट सापडली. ताईने बी धरायला ठेवलेलं घोसाळं वेलावरच वाळून जाळीदार झालं होतं. त्या जाळीला जागोजागी भोकं. क्लॅडोनियाचा नमुना कशाचा करायचा याचं उत्तर मिळालं असं वाटलं.

९ नोव्हेंबर, शनिवार

घोसाळ्याची जाळी कापून बघितली. लांबून झुपका वाटतो, जवळून अंग घासायची जाळीच वाटते. फांद्या जिथे फुटतात तिथेच भोक यायला हवं, जाळीत ती कुठेही येतात. सोडून दिलं.

मग सुती दोरा फेव्हिकॉलमध्ये बुडवून, सुईभोवती वळसा देऊन प्रत्येक फाट्याला कडी ठेवत फांद्या केल्या. ओल्या असताना वर रवा भुरभुरवला, त्याने पृष्ठभाग खडबडीत होतो. वाळल्यावर पोस्टर रंग. फार सुंदर दिसलं. दोन झुपके रात्री खिडकीत ठेवले.

१० नोव्हेंबर, रविवार

सकाळी दोन्ही झुपक्यांवर मुंग्या. रवा. घरात मुंग्या असतात हे माहीत असूनही केलं. परत सगळं केलं, रव्याऐवजी कारखान्यातल्या सुताराकडचा लाकडाचा भुसा चाळून घेतला. तीन तास गेले. भुसा रव्यापेक्षा रंगही चांगला धरतो.

आज फलकही छापून आला. गोखले रोडवर सनबोर्डवर छापून घेतला, ७८० रुपये. संध्याकाळी इमारतीच्या जिन्यात उभा केला आणि लहानमोठ्यांना बोलावलं. मोठी चूक इथे कळली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फलकावर दोन रकाने होते. डावीकडे दगडफूल, उजवीकडे ओपॉसम. ओळी अशा : वजन, लांबी, आहार, पिल्लं, आयुष्य, आवाज, हालचाल, शत्रू. पॉसमच्या रकान्यात भरपूर मजकूर होता. फळं-बिया-किडे खातो, एका वेळी चारपर्यंत पिल्लं, हिवाळ्यात सात महिन्यांपर्यंत झोप. दगडफुलाच्या रकान्यात ‘नाही’, ‘लागू नाही’, ‘नाही’, ‘नाही’. पोरं उजवी बाजू वाचत होती आणि डावीकडे बघतही नव्हती. पहिल्या मजल्यावरच्या आजी चष्मा लावून दोन्ही बाजू वाचत होत्या. त्यांनी भाचीला विचारलं, ‘अगं, मग ह्या बिचाऱ्या दगडफुलाला काहीच नाही का? कशाला ठेवलंय मग?’

आजींना वाईट म्हणायचं नव्हतं. फलकाने त्यांना तेच सांगितलं होतं. आम्ही सगळ्या ओळी प्राण्याच्या बाजूने आखल्या होत्या. प्राण्याला जे असतं तेच विचारलं, आणि दगडफुलाकडे ते नाही म्हणून तिथे ‘नाही’ लिहीत गेलो. तुलना न्यायाची व्हायची तर निदान अर्धे प्रश्न दगडफुलाच्या बाजूने विचारायला हवेत. हे मला कळायला पाच आठवडे आणि ७८० रुपये लागले. पुढे काही करणाऱ्याने पहिल्या दिवशी एवढं एकच करावं. आधी ओळी लिहाव्यात, दोन्ही रकाने पेन्सिलीने भरून बघावेत, आणि एक बाजू रिकामी राहिली तर त्या सजीवाला दोष न देता ती ओळच खोडावी.

११ नोव्हेंबर, सोमवार

फलकात आणखी एक चूक निघाली. ‘ओपॉसम’. चिठ्ठीवर तसं होतं म्हणून छापलं. ओपॉसम हा उत्तर अमेरिकेतल्या पोव्हाटन लोकांच्या भाषेतला शब्द, आणि ते प्राणी अमेरिकेतले. ऑस्ट्रेलियातल्या प्राण्यांना युरोपीयांनी साम्य बघून तेच नाव दिलं आणि पुढे ते पॉसम झालं. पिशवी दोघांनाही आहे, पण नातं फार लांबचं. भाचीने वर्गात विज्ञानाच्या बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, चिठ्ठी लिहिताना मीच चुकले, तुमचा प्राणी पॉसमच ठेवा आणि हा फरक फलकावर लिहा. त्यांनी तिथल्या तिथे चिठ्ठीवर दुरुस्ती करून सही केली, ती चिठ्ठीही आम्ही फलकावर लावली.

१६–१७ नोव्हेंबर

छापलेल्या सनबोर्डची पाठ पांढरी होती, ती पुढे घेतली. पुन्हा छापलं नाही. कार्डशीटच्या पट्ट्या कापून हाताने लिहिलं, टाचण्यांनी लावलं. ९० रुपये. चुकली तर एक पट्टी बदलायची. हे पहिल्यापासून करायला हवं होतं.

नव्या ओळी ठरवायला दोन संध्याकाळी लागल्या आणि पूर्ण कामातला हाच भाग मला सगळ्यात आवडला.

पहिली ओळ : कुणाशिवाय जगत नाही? दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा संसार, एकाशिवाय दुसऱ्याचं ते रूप उरत नाही. पॉसमकडे वळलो तर त्यालाही उत्तर होतं. बोगाँग नावाचे पतंग. दर वसंतात ते खालच्या मैदानांतून हजार किलोमीटरपर्यंत उडत येतात, ठाण्याहून बंगळुरू एवढं अंतर, आणि उन्हाळाभर पर्वतावरच्या दगडांच्या फटींत गर्दी करून राहतात. झोपेतून उठलेल्या पॉसमचं पोट त्यांच्यावर भरतं. आधीच्या फलकावर आम्ही ‘किडे’ लिहून मोकळे झालो होतो.

दुसरी : दुसऱ्या जागी कसं पोचतं? क्लॅडोनिया पर्फोराटाला बीजाणू तयार करताना कुणी पाहिलेलं नाही. तुकडा मोडतो, वाऱ्याने किंवा पाण्याने सरकतो, पडेल तिथे वाढतो. पॉसमच्या माद्या पतंगांच्या जवळ, वरच्या दगडांत राहतात, नर खाली. विणीच्या दिवसांत नरांना वर जावं लागतं. मध्ये स्कीइंगसाठी रस्ता झाला आणि वाट तुटली. तेव्हा १९८०च्या दशकात रस्त्याखालून दगड भरलेला बोगदा केला आणि नर त्यातून जायला लागले. त्याला तिथे ‘प्रेमाचा बोगदा’ म्हणतात. भाचीच्या मित्राने पट्टीवर बोगद्याचं छोटं चित्र काढलं.

तिसरी : घराला काय लागतं? पॉसमला दगडांमधल्या पोकळ्या आणि वर बर्फाचं पांघरूण. दगडफुलाला झुडपांमधली उघडी पांढरी वाळू. इथे भाचीला धक्का बसला, कारण तिने शीर्षकात ‘दगडावरचं फूल’ लिहिलं होतं. ही जात दगडावर वाढतच नाही, वाळूवर मोकळी पडलेली असते. शीर्षकाची पट्टी बदलली.

चौथी : एकाच घावाने किती नुकसान? ऑक्टोबर १९९५ मध्ये ओपल नावाचं चक्रीवादळ फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर आलं आणि किनारपट्टीच्या वाळूवरचे या दगडफुलाचे कितीतरी झुपके समुद्रात गेले. पॉसमसाठी २०१७ नंतरचे दुष्काळी हंगाम. पतंग जिथे जन्मतात तिथेच दुष्काळ पडला, पर्वतावर पतंग जवळजवळ आलेच नाहीत आणि अनेक माद्यांच्या पिशवीतली पिल्लं उपाशी मेली. २०२१ साली तो पतंगच जागतिक धोका-यादीत गेला.

पाचवी ओळ आग. यावर दोघांचं भांडण झालं, कारण भाचीला वाटत होतं की आग दोघांनाही वाईटच. दगडफूल आगीत जळतं हे खरं. पण आग कधीच लागली नाही तर झुडपं दाटतात, उघडी वाळू झाकली जाते आणि दगडफूल तसंही संपतं. त्याला आग हवी, पण तुकड्या-तुकड्यांनी, म्हणजे न जळलेल्या भागातून ते परत पसरतं. या एका ओळीने पट्टी दुप्पट लांब झाली, होऊ दिली.

शेवटची : माणसाने काय केलं? पॉसमची ही पट्टी लगेच भरली. माउंट बुलर या दुसऱ्या पर्वतावर उरलेल्या थोड्याच पॉसममध्ये २०११ पासून हॉथमचे नर नेऊन सोडले आणि तिथली संख्या पुन्हा वाढली. २०१९–२० च्या वणव्यांनंतर खाणं-पाणी ठेवलं. व्हिक्टोरियातल्या प्राणिसंग्रहालयांनी पतंगांसाठी लोकांना रात्री घराबाहेरचे दिवे मालवायला सांगितलं. दगडफुलाचेही तुकडे वादळाने मोकळ्या झालेल्या वाळूवर परत नेऊन ठेवले गेले आहेत. ती पट्टी भाचीने स्वतः लिहिली आणि अक्षर मुद्दाम मोठं काढलं.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदान. शाळेत मतदान केंद्र असल्याने वर्गात मांडून बघायचं होतं ते राहिलं. दुपारी घरीच वाळूचा ट्रे भरला. स्टेशनजवळच्या मत्स्यालयाच्या दुकानातली पांढरी वाळू, दोन किलो १२० रुपये. झुपके मी फेव्हिकॉलने वाळूला चिकटवले. भाची शाळेच्या गृहपाठावरून उठून आली आणि म्हणाली, ‘मामा, ते मोकळं पडलेलं असतं. तूच तर सांगितलंस.’ सगळे झुपके उपटून, बुडाची वाळू घासून काढली. दोन फांद्या मोडल्या. त्या फेकल्या नाहीत, ट्रेच्या दुसऱ्या कोपऱ्यात ठेवल्या आणि शेजारी पट्टी : ‘तुकडा मोडला की असा नवा झुपका सुरू होतो.’

१ डिसेंबर, रविवार

जिन्यात दुसरी चाचणी. पहिल्या मजल्यावरच्या आजींना मुद्दाम बोलावलं. त्यांनी सगळ्या पट्ट्या वाचल्या, आगीपाशी थांबून पुन्हा वाचल्या. म्हणाल्या, ‘हे दोघे सारखेच की गं. दोघांचंही घर दुसऱ्याच्या हातात.’ मग आंब्याच्या फांदीवर स्वतः फवारा मारून बघितला.

१४ डिसेंबर, शनिवार

प्रदर्शन. सकाळी सातला दगड शाळेत नेले. आदल्या रात्री रचून ठेवायचे म्हणून विनंती केली होती, पण वर्गाला कुलूप लागत असल्याने ते जमलं नाही. त्यामुळे थर्मामीटरचा प्रयोग प्रत्यक्ष दाखवता आला नाही, गच्चीवरचे आकडे कागदावर लावले. हे आधी विचारून ठेवायला हवं होतं.

साडेदहाला पंखा सुरू केला आणि वाळूवरचे तीन झुपके उडून टेबलाखाली गेले. भाचीचा मित्र ते परत ठेवायला वाकला तर भाची त्याला थांबवून समोरच्या पाचवीच्या पोरांना म्हणाली, ‘बघा, हे असंच जातं.’ पुढे दिवसभर तिने तेच केलं. ती पंखा लावायची, पोरं तुकडे शोधून आणायची आणि हवं तिथे ठेवायची. दुपारपर्यंत ट्रेमध्ये झुपके सगळीकडे पसरले होते.

पॉसम सतत कुणाच्या तरी हातात होता. संध्याकाळपर्यंत डाव्या कानाची लोकर गेली. नमुना हाताळायला देणार असाल तर कान आणि नाकाला आतून दोरा शिवून घ्या, नुसता फेव्हिकॉल पुरत नाही.

परीक्षकांपैकी एका सरांनी विचारलं, बर्फाचं पांघरूण थंडी कशी अडवतं ते दाखवता येईल का? आमच्याकडे त्यासाठी काहीच नव्हतं. भाचीने तोंडी सांगितलं, पण सांगणं आणि दाखवणं यात फरक आहे. पुढच्या वेळी थर्मोकोलशिवाय काही करता येईल का ते बघायचं आहे, शाळेत थर्मोकोल चालत नाही. बक्षीस मिळालं नाही. बाईंनी फलक विज्ञानाच्या खोलीत ठेवून घेतला.

खर्च : सनबोर्ड ७८०, कार्डशीट ९०, दगडफूल ६०, शाडू १५०, वाळू १२०, थर्मामीटर ३६०, फेव्हिकॉल ११०, तार ४०. एकूण १,७१० रुपये. यातले छपाईचे ७८० टाळता आले असते. वेळ : दहा शनिवार-रविवार. ओळी आधी ठरवल्या असत्या आणि शाडूच्या नादी लागलो नसतो तर सहा पुरले असते.

१५ डिसेंबर, रविवार

आंब्याची फांदी परत त्याच झाडाला, उत्तरेच्या बाजूला, छातीच्या उंचीवर सुतळीने बांधली. साल दबू नये म्हणून मध्ये गोणपाटाची घडी घातली. भाचीने कारखान्यातलं व्हर्नियर मागून घेतलं आणि सगळ्यात मोठ्या डागाची रुंदी मोजली : २३.४ मिलिमीटर. तारीख आणि माप ॲल्युमिनियमच्या पट्टीवर कोरून फांदीला अडकवलं. पुढचं माप १५ डिसेंबर २०२५ ला, त्याच जागी, त्याच व्हर्नियरने.